ओवीपासून उपासना संगीतापर्यंत: मराठी मुलखात सुवार्ता घराघरांत कशी पोचली

गोव्याच्या साष्टी भागातल्या एका ख्रिस्ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची संध्याकाळची प्रार्थना आटोपली आहे. पाद्री मुलांना जवळ बसवून त्यांच्याकडून दोत्रिन, म्हणजे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं, म्हणून घेताहेत. तेवढ्यात नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे होऊन विचारतो, तुम्ही शिकवता ते चांगलंच आहे, पण आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत. मग मन रमवायला त्यांच्यासारखं दुसरं काही आम्हाला का देत नाही?

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच हा प्रसंग येतो, आणि आपल्याकडच्या सुवार्ताकार्याचा, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश लोकांपर्यंत पोचवण्याच्या कामाचा, पुढचा चारशे वर्षांचा इतिहास मला त्या एका प्रश्नात दिसतो. धर्मशिक्षणाचा वर्ग मुलांसाठी होता, प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्याचा. प्रश्न विचारला तो मोठ्या माणसाने. त्याला उत्तरं पाठ करायची नव्हती, त्याला गोष्ट हवी होती. तीही अशी, की संध्याकाळी चार घरची माणसं एकत्र बसावीत, म्हाताऱ्यांनी डोळे मिटून ऐकावी आणि लेकरांनी मांडीवर झोपेपर्यंत ऐकावी.

स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू. १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले ते परत गेलेच नाहीत. १६१९ मध्ये इथेच वारले. त्यांनी ज्ञानेश्वरी-एकनाथांच्या वळणाची ओवी आत्मसात केली आणि आदामापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत बांधली. १६१६ मध्ये हे पुराण रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. मराठीला फुलांतली मोगरी आणि परिमळांतली कस्तुरी म्हणणाऱ्या त्यातल्या ओव्या शाळेच्या पुस्तकामुळे अनेकांना पाठ असतात. पण त्या ओव्या मुळात देवळात बसलेल्या, नुकताच धर्म बदललेल्या कुळवाड्यांना आणि त्यांच्या बायकामुलांना ऐकवण्यासाठी होत्या, हे आपण विसरतो. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या छायेत हे पुराण झालं त्याच सत्तेने जुने ग्रंथ नष्ट केले होते, आणि १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदी घातली. ती जखम झाकून हा इतिहास सांगता येत नाही. त्या काळच्या छापील आवृत्त्यांतली एकही प्रत आज शिल्लक नाही. हस्तलिखितं मात्र टिकली, आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळुरात पुराण पुन्हा छापलं गेलं. लोकांनी ते हाताने उतरवून घरात जपलं, म्हणूनच ते हाती आलं.

प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची सुरुवात याच्या उलट टोकाने झाली. त्यांचा भर छापील पुस्तकावर. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून, म्हणजे बंगालमधल्या, १८११ मध्ये मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा ख्रिस्तापासून पुढचा भाग, छापला. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. बाजारात उभं राहून बोलायचं, पत्रकं वाटायची, शाळा काढायच्या. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. एवढं करूनही पहिल्या वीस वर्षांत पदरी फारसं कोणी पडलं नाही. ज्या समाजात शंभरातल्या मूठभरांनाच वाचता येत होतं तिथे पत्रक कितीही चांगलं असलं तरी ते घराच्या उंबऱ्यावरच अडायचं.

शाळांनी मात्र दार उघडलं. १८२४ मध्ये या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८३१ मध्ये मिशन अहमदनगरला पोचलं, आणि पुढे सिंथिया फॅरारबाईंनी नगरला चालवलेली मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी स्वतः पाहिली होती. त्यानंतरच त्यांनी पुण्यात शाळा सुरू केली. १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. लेकरांसाठी ‘बालबोधमेवा’ हे वेगळं मासिक निघालं, तेही विनायक कोंडदेव ओकांच्या ‘बालबोध’च्या (१८८१) आधी. मुलांना हाती धरून वाचायला लावावं, म्हणजे ती घरी जाऊन आईला वाचून दाखवतील, हा त्यामागचा हिशोब. तो बऱ्याच घरांत खरा ठरला.

पण खरं वळण आलं ते कीर्तनाने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी टाळ, मृदंग, वीणा हाती घेतली. कृष्णराव सांगळे यांच्यासारखे कवी-कीर्तनकार पुढे आले. पूर्वरंगात वचन आणि त्याचं निरूपण, उत्तररंगात उधळ्या पुत्राची किंवा योसेफाची कथा, मध्ये मध्ये पदं, साकी, दिंडी. परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं म्हणताना जीभ अडखळायची. ओवी-अभंगाला कुणाला काही शिकवावं लागत नव्हतं. महारवाड्या-मांगवाड्यांत दिवसा मुलांची शाळा चालवणारे मास्तरच रात्री कंदिलाच्या उजेडात प्रार्थना चालवत. बायकांना बायबल वाचून दाखवणारी ‘बायबलबाई’ दुपारी कामं उरकल्यावर बायकांमध्ये जाऊन बसे. असं एकेक घर, एकेक वाडा जोडत मंडळी, म्हणजे गावोगावचा ख्रिस्ती समुदाय, उभी राहिली. १८७६ च्या आणि १८९९ च्या दुष्काळांत मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला आणि त्यानंतर संख्या झपाट्याने वाढली. पोटासाठी धर्म घेतला, असं तेव्हाही म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं. ज्याचं मूल दुष्काळात वाचलं त्याने वाचवणाऱ्याचा देव कोण हे विचारलं, यात मला हिणवण्यासारखं काही दिसत नाही.

नारायण वामन टिळक या सगळ्याच्या मधोमध उभे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे हे ब्राह्मण कवी. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने हातात ठेवलेला नवा करार वाचला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ते ‘बालबोधमेव्या’त मुलांसाठी लिहीत आणि त्याच लेखणीने मंडळीसाठी अभंग. मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात आजही सर्वांत जास्त रचना त्यांच्याच आहेत.

या घरातला विश्वास टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडून पाहावा, असं मला नेहमी वाटतं. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षं मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, चूल वेगळी मांडायची की नाही, असा झगडा चालू होता. जाती देवाने केल्या की माणसांनी, या प्रश्नाशी त्या स्वतःच भिडल्या, उत्तर स्वतःच काढलं, आणि मग कोणाच्याही हातचं खायला मोकळ्या झाल्या. पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, उपदेश करून हे घडलं नाही. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवतं की त्यांच्या बाबतीत बाप्तिस्मा आधी स्वयंपाकघरात झाला आणि देवळात नंतर. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या या बाईंनी टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. टिळकांचे दहा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी चौसष्ट लिहिले.

टिळकांना शेवटी मिशनची चौकटही अपुरी वाटू लागली होती. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. तो फार चालला नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंनी वेगळीच वाट काढली होती. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींपासून मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथल्या इमारतींची नावं पाहिली तरी वयाचा आणि गरजेचा किती विचार होता ते कळतं: मुलग्यांसाठी सदानंद सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि थकलेल्यांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. संस्कृतात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या या पंडितेने उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं, ते मुद्दाम साध्या मराठीत, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. खिळे जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर हे काम त्यांनी हातावेगळं केलेलं होतं.

वसईकडे कॅथलिक घरांत हेच काम वेगळ्या रीतीने चालत राहिलं: क्रुसाजवळ गायची प्रार्थना म्हणजे लदीन, लग्नातली गाणी, घरातली रात्रीची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ त्याच मातीतून आलं. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा भरते, तेव्हा पायी येणाऱ्यांत काठी टेकणारी आजी आणि कडेवरचं पोर दोघंही असतात.

माझी स्वतःची आजी नगर जिल्ह्यातली. तिला अक्षरओळख नव्हती. तरी रविवारी ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक तिच्या हातात लागायचंच. पाळकबाईंनी गीताचा क्रमांक सांगितला की ती पुस्तक उघडायची, कुठलंही पान, आणि डोळे मिटून सगळी कडवी म्हणायची. मी सहा-सात वर्षांची असताना तिचं पुस्तक उलटं असल्याचं माझ्या लक्षात आलं. मी ते सरळ करून दिलं, तर तिने गाणं न थांबवता माझा हात पुस्तकावर दाबून धरला. मला पहिलं कडवं येतं हे तिला माहीत होतं. दुसरं तिने माझ्या कानाशी म्हटलं. माझ्या विश्वासाचा पाठ तिथे सुरू झाला, मुलांसाठी रविवारी भरणाऱ्या शब्बाथ शाळेत नंतर.

शब्बाथ शाळा वाईट, असं मी म्हणत नाही; मी स्वतः दहा वर्षं तिथे शिकवलं आहे. लेकरांना त्यांच्या वयाची गोष्ट, चित्रं, पाठ करायचं बायबलमधलं सुवर्णवचन हवंच. पण अलीकडे काही मंडळ्यांत पहिलं गीत संपलं की मुलं एका खोलीत जातात, तरुण संघाची उपासना दुसऱ्या वेळी इंग्रजी गीतांवर होते आणि मुख्य उपासनेत उरतात केस पिकलेली माणसं. एका ठिकाणी मी पाहिलं, आजीला आणि नातवाला मिळून एकही गीत येत नव्हतं. साष्टीतल्या त्या ब्राह्मणाने मुलांच्या वर्गात उभं राहून जे मागितलं होतं ते नेमकं यांच्या मधोमध बसणारं होतं.

मागच्या नाताळात आमच्या गावच्या मंडळीने बऱ्याच वर्षांनी कीर्तन ठेवलं. पेटी, तबला, टाळ होते, निरूपणाला शेजारच्या तालुक्यातले निवृत्त मास्तर. कथा मेंढपाळांची होती. ‘भिऊ नका’ हे दूताचं वचन आलं तेव्हा मास्तर थांबले आणि पुढच्या ओळीत बसलेल्या पोरांना विचारलं, रात्री रानात मेंढरं राखताना कशाची भीती वाटते? बिबट्याची, असं सगळी पोरं एका सुरात ओरडली. मागे बायकांच्या बाजूला एक धनगराची म्हातारी बसली होती. ती ख्रिस्ती नव्हती, शेजारणीबरोबर आली होती. ती म्हणाली, बिबट्याची नाही बाळा, थंडीची. मास्तरांनी पेटीवाल्याला हात केला आणि तिथूनच पद उचललं.