जीप : पार्श्वभूमी एका नावाची

गावोगाव प्रवासी नेणारी जीप सातारा-कोल्हापूरकडे वडाप, मराठवाड्यात काळी-पिवळी. गाडी आकुर्डीत बनलेली ट्रॅक्स असो की महिंद्राची कमांडर, फाट्यावर उतरलेला माणूस सांगतो, 'जीपनं आलो.' तहसीलदाराची जीप, प्रचाराची जीप, ऊसतोडीच्या टोळीला न्यायला आलेली जीप. मराठीत हा शब्द गाडीच्या जातीचा आहे. अमेरिकेत मात्र १९५० पासून तो एका कंपनीच्या मालकीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. जीपचे मालक आणि महिंद्रा यांच्यातल्या न्यायालयीन भांडणांच्या बातम्या वाचताना हा फरक लक्षात नसला, तर नेमकं भांडण कशावरून हेच कळत नाही.

सुरुवात जुलै १९४० ची. हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी टेहळणीची गाडी अमेरिकी लष्कराला तातडीनं हवी होती. १३५ कारखान्यांना विचारणा गेली. दाद दिली दोघांनीच. एक टोलेडोची विलिस-ओव्हरलँड, दुसरी पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम. बँटम म्हणजे दिवाळं वाजायच्या बेतात आलेली, छोट्या मोटारी बनवणारी कंपनी. अटी तिरपागड्या होत्या. वजन १,३०० पौंडांच्या आत, म्हणजे जेमतेम ५९० किलो. नमुना ४९ दिवसांत. एकूण ७० गाड्या ७५ दिवसांत. विलिसचा भाव कमी होता, पण तिनं मुदत वाढवून मागितली. उशिराचा दंड धरल्यावर बँटमच स्वस्त पडली. डेट्रॉइटहून बोलावलेल्या एका बाहेरच्या इंजिनिअरनं दोन-तीन दिवसांत आराखडे काढले. २३ सप्टेंबर १९४० ला मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत नमुना पोचला, तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

यानंतर घेतलेल्या निर्णयावर आजही वाद होतो. चाचण्या चालू असताना विलिस आणि फोर्डचे इंजिनिअर तिथंच उभे राहून गाडी न्याहाळत होते. लष्करानं बँटमचे आराखडेही या दोघांना देऊन टाकले. लष्कराचं म्हणणं असं, की पैसे आम्ही मोजले, तेव्हा आराखडे आमचे. शिवाय लागणाऱ्या गाड्यांची संख्या बटलरच्या कारखान्याच्या आवाक्याबाहेरची आहे. दुसरा मुद्दा खोटा नव्हता. पण कुणी पुरवठादाराचा नमुना घेऊन दुसऱ्याकडून भाव मागवला, तर आपल्याकडच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत त्याला काय म्हणतात ते सांगायला नको.

वजनाच्या अटीत कुणीच बसत नव्हतं, तेव्हा ती २,१६० पौंडांपर्यंत सैल झाली. तिघांनाही १,५०० गाड्यांची ऑर्डर मिळाली. इथं विलिसच्या इंजिनानं बाजी मारली. तिचं ६० अश्वशक्तीचं, बँटमचं ४५ च्या आसपास. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचं मोठं काम विलिसला गेलं आणि नंतर विलिसच्याच आराखड्यावर फोर्डही गाड्या काढू लागली. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांवर गाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला आल्या सुमारे २,७००, आणि मग त्यांच्यामागं ओढायचे ट्रेलर. मोटार तिनं पुन्हा कधी बनवली नाही.

विलिसची म्हणून गेलेली गाडी तरी पुरती विलिसची होती का? इंजिन तिचं. मूळ बांधणी बँटमची. सपाट बॉनेट आणि हेडलाइट पोटात घेणारी सपाट जाळी फोर्डच्या नमुन्यातून आली. विलिस सुरुवातीला लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून जाळी करायची; फोर्डनं एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, नऊ खाचांची स्वस्त जाळी आणली आणि तीच दोघींनी स्वीकारली. आज लोगोवर मिरवणाऱ्या सात खाचा १९४५ च्या नागरी 'सीजे'च्या. ही जाळीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता शब्द. 'जनरल पर्पज'च्या जी-पीवरून जीप, ही व्युत्पत्ती आपल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही सापडते. ती फारशी टिकत नाही. फोर्डच्या गाडीवर जीपी अक्षरं होती हे खरं, पण ती कारखान्याची खूण होती. 'जी' म्हणजे सरकारी कंत्राट आणि 'पी' म्हणजे ८० इंची व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. दुसरीकडे, पॉपायच्या चित्रपट्टीत १९३६ मध्ये जीप नावाचा, कुठंही अलगद पोचणारा एक अद्भुत प्राणी आला होता. सैनिकांच्या बोलीत नवख्या रंगरुटाला आणि अजून न पारखलेल्या गाडीलाही जीप म्हणायचे. एका ट्रॅक्टर कंपनीच्या लष्करी ट्रॅक्टरलाही १९४० मध्ये हेच नाव पडलं होतं. १९४१ च्या सुरुवातीला विलिसनं वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या पायऱ्यांवर गाडी चढवून दाखवली, तिचा फोटो या नावानं छापून आला आणि नाव घरोघरी गेलं. थोडक्यात, शब्द आधीच रस्त्यावर होता. कंपनीनं तो उचलला.

उचलला तोही घाईनं. १९४३ मध्ये युद्ध ऐन भरात असताना विलिसनं ट्रेडमार्कसाठी अर्ज केला आणि 'जीपचे जनक आम्हीच' अशा जाहिराती सुरू केल्या. व्यापारातल्या गैरप्रकारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगानं हरकत घेतली. पाच वर्षं कज्जा चालला. १९४८ मध्ये निकाल लागला, की कल्पना बँटमची आणि तिच्यासोबत काम केलेल्या लष्करी अधिकाऱ्यांची. विलिसनं जनकत्वाचा दावा थांबवावा. तरीही १९५० मध्ये 'जीप' हे नाव विलिसच्याच नावे नोंदलं गेलं, कारण तोवर बाजारात त्या नावाची गाडी तीच विकत होती. गाडी पहिल्यांदा घडवणारी बँटम तेव्हा धंद्याच्या शेवटच्या घटका मोजत होती.

नंतरची मालकांची यादी झरझर सांगता येते. १९५३ मध्ये कायझर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स, मग तिच्यात भागीदार झालेली फ्रेंच रेनो, १९८७ मध्ये क्रायसलर, १९९८ मध्ये क्रायसलरसकट जर्मन डेमलर. हो, हिटलरच्या फौजेविरुद्ध धावलेली गाडी स्टुटगार्टच्या मालकीची झाली. २००७ मध्ये एक गुंतवणूक कंपनी, २००९ च्या दिवाळखोरीनंतर फियाट, २०२१ पासून स्टेलांटिस. मालक बदलत गेले, विकत घेण्याजोगी गोष्ट बहुतेक वेळा एकच होती : नाव. १९८४ च्या चेरोकी या मॉडेलनं मात्र गाडीही बदलली. वेगळी चासी टाकून देऊन एकसंध बांधणी आली आणि आजच्या एसयूव्हींचा रस्ता तिथून फुटला.

मुंबईचा धागा याच्या बराच आधीचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं माझगावात विलिसचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली, पुढं परवान्यानं उत्पादनही. तिकडं मॉडेलं बदलत गेली. इकडं जुन्याच साच्यावर डिझेल इंजिन बसवून तीच गाडी दशकानुदशकं चालली.

ही घडण २०१८ मध्ये अमेरिकेत परतली. महिंद्राच्या तिथल्या उपकंपनीनं मिशिगनमध्ये 'रॉक्सर' बाजारात आणली. रस्त्यावर चालवायची नाही, शेतात-माळावर चालवायची. जीपच्या मालकांनी आयातीबाबतच्या आयोगाकडे धाव घेतली. मुद्दा 'दर्शनी रूपा'चा होता. चौकोनी अंग, पुढं निमुळतं होणारं सपाट बॉनेट, बॉनेटला बाहेरून लावलेल्या कड्या, आणि उभ्या खाचांची सपाट जाळी. महिंद्रानं २००९ चा करार दाखवला. ठरलेली जाळी वापरली तर दावा करणार नाही असं क्रायसलरनं लिहून दिलंय, असा तिचा पवित्रा होता. जून २०२० मध्ये आयोगानं रूपाच्या मुद्द्यावर महिंद्राविरुद्ध निकाल दिला. पुढचा चेहरा पालटल्यावर डिसेंबरमध्ये त्याच आयोगानं नव्या रॉक्सरला मोकळं केलं, तरी अमेरिकी न्यायालयांतली लढाई पुढं चालूच राहिली.

कायद्याच्या चौकटीत २०२० चा निकाल बसतही असेल. पण ज्या सपाट बॉनेटवरून आणि जाळीवरून हे रामायण घडलं, ती मुळात फोर्डच्या कारखान्यातली, हे कुठल्याही मालकानं फारसं मोठ्यानं सांगितलेलं नाही.

खुद्द जीप ब्रँड भारतात अधिकृतपणे उतरला २०१६ मध्ये. २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावच्या फियाट-टाटा यांच्या सामायिक कारखान्यात कंपास बनू लागली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी तिथून ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलियालाही गेली. शो-रूममधला विक्रेता तिला 'एसयूव्ही' म्हणतो.

नावाचा आणखी एक वाद आहे, त्यात बाजू उलटली आहे. 'चेरोकी' हे अमेरिकेतल्या एका मूलनिवासी जमातीचं नाव १९७४ पासून जीपच्या गाडीवर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या जमातीच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं, की आता हे नाव काढा. २०२३ मध्ये ती गाडी बंद झाली. २०२५ मध्ये तिच्या जागी नवी गाडी जाहीर झाली, नाव चेरोकी.