गुडघ्याची वाटी आणि पॅडची जागा

मांडी चिमटीत धरून पाहा, दोन बोटे जाड मांस हाती लागते. तीच चिमूट गुडघ्याच्या वाटीवर घ्या, हाती येते फक्त कातडी. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचा सगळ्यात पुढे आणि बाहेर आलेला भाग हाच, आणि गादी नाही ती नेमकी इथेच. गाडी आडवी झाली की गुडघा आधी टेकतो, कारण पाय टाकीला किंवा सीटला बिलगलेला असतो आणि तो सोडवायला वेळ मिळत नाही.

पडताना दोन वेगळ्या गोष्टी घडतात. एक म्हणजे खाली आदळणे. एक मीटरवरून पडणारी कोणतीही वस्तू जमिनीवर ताशी सुमारे 16 किलोमीटर वेगाने आपटते. गाडी तीसने जात होती की ऐंशीने, याचा या आदळण्याच्या वेगाशी संबंध नाही. दुसरी गोष्ट घसरणे. पुढे जाण्याचा वेग या घसरण्यात जिरतो. डांबरावरचा घर्षणांक 0.6 धरला, तर ताशी 60 वेगाने जाणारा माणूस थांबेपर्यंत साधारण 24 मीटर आणि जवळजवळ तीन सेकंद घासत जातो. आदळण्याचे काम पॅडचे, घासण्याचे काम कापडाचे. साध्या जीन्सखाली उत्तम पॅड घातले, तर हाड वाचेल पण कातडी सोलवटेल. कापड भारी आणि पॅडचा खिसा रिकामा, तर उलटा प्रकार. वाटेत दुभाजक किंवा खांब आला, तर मात्र पुढचा वेगही एका झटक्यात गुडघ्यावर येतो. तितका मार झेलण्यासाठी कोणतेही पॅड बनवलेले नसते.

पॅडची परीक्षा कशी होते हे कळले, की दुकानातला निम्मा गोंधळ संपतो. युरोपातल्या ईएन 1621-1 या मानकात (सध्या प्रचलित असलेली बहुतेक लेबले 2012 च्या आवृत्तीची आहेत) पोलादी ऐरणीवर पॅड ठेवतात आणि त्यावर 5 किलोचे वजन अशा उंचीवरून सोडतात, की ठोका 50 ज्यूलचा बसावा. ही उंची मीटरभरच. पॅडमधून ऐरणीपर्यंत सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत बल पोचले, तर पॅड लेव्हल 1 चे. 20 किलोन्यूटनपर्यंत रोखले, तर लेव्हल 2 चे. लेव्हल 2 चा ठोकाही म्हणजे सुमारे दोन टन वजनाइतका, क्षणभराचा. आकडा भीतिदायक आहे, पण ऐरण पोलादाची असते. माणसाचा पाय दबतो, मागे जातो, वळतो. त्यामुळे हे आकडे पॅडांची आपसात तुलना करण्यासाठी वापरावेत, आपले हाड मोडेल की नाही हे ठरवण्यासाठी नाही.

हे बल कमी होते ते थांबण्याचे अंतर वाढल्यामुळे. तोच 50 ज्यूलचा ठोका दोन मिलिमीटरमध्ये थांबवला तर सरासरी बल 25 किलोन्यूटन, दहा मिलिमीटरमध्ये थांबवला तर 5. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो ते याचसाठी. म्हणून पॅड जाड हवे, आणि ते हळूहळू दबायला हवे. साधा फोम इथे फसतो. तो सुरुवातीला अगदी सहज दबतो, मग एकदम तळाला लागतो, आणि उरलेला सगळा ठोका हाडाला मिळतो. अंगठ्याने दाबल्यावर जो फोम कागदासारखा चपटा होतो, तो ठोका झेलण्याच्या कामाचा नाही.

चांगल्या मऊ पॅडमध्ये वेगाप्रमाणे वागणूक बदलणारा पदार्थ असतो. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून त्यात बोट हळूच घातले तर जाते, मुठीने ठोसा मारला तर अडते. अशा पदार्थाचा एक ब्रँड म्हणजे डी3ओ. हे नाव आज घराघरांत नसले तरी रायडरांच्या तोंडी असते. त्यामागे आणि त्याच्यासारख्या इतर पॉलियुरेथेन फोममागे हेच तत्त्व आहे: चालताना लवचिक, आदळताना ताठ. याची दुसरी बाजू अशी, की असे पदार्थ थंडीत कडक होतात आणि उन्हात नरमतात. मानकात त्यासाठी दोन ऐच्छिक चाचण्या आहेत, 40 अंशांना टी प्लस आणि उणे 10 अंशांना टी मायनस. लडाखला जायचे असेल तर टी मायनस पाहा. विदर्भातल्या मे महिन्यात फिरणाऱ्याने टी प्लस नसलेले पॅड घेऊच नये.

लेबलवर काय वाचायचे? नुसते ‘सीई’ (युरोपीय नियम पाळल्याची सर्वसाधारण खूण) लिहिलेले असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. पॅडवरच मोटरसायकलस्वाराचे छोटे चित्र, ईएन 1621-1 हा क्रमांक, गुडघ्यासाठी इंग्रजी ‘के’ हे अक्षर, ए किंवा बी हा आकार आणि 1 किंवा 2 ही लेव्हल हवी. ए म्हणजे कमी जागा झाकणारे, बी म्हणजे पूर्ण. ‘के’सोबत ‘एल’ असेल तर नडगीचा वरचा भागही त्यात आला. दुकानदार ‘लेव्हल 2’ सांगतो आणि पॅड निघते ए आकाराचे, हे नेहमीचेच. माझ्या मते लेव्हल 1 चे बी पॅड लेव्हल 2 च्या ए पॅडपेक्षा बऱ्याचदा बरे, कारण पॅड थोडे सरकले तरी वाटी झाकलेली राहते. पूर्ण पँट घेत असाल तर ईएन 17092 या रायडिंग कपड्यांच्या युरोपीय मानकातला वर्ग पाहा (इथली अक्षरे कपड्याच्या वर्गाची, पॅडच्या आकाराची नव्हेत). ए, एए आणि एएए या वर्गांत गुडघ्याचे पॅड असावेच लागते, बी वर्गात नाही. आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, गुडघ्याच्या पॅडला नाही. त्यामुळे इथे लेबल वाचणे हे काम ग्राहकाचेच.

बाजारात बाहेरून बांधायचे प्लास्टिक किंवा पोलादी पत्र्याचे गार्ड भरपूर मिळतात. कठीण कवचाचे दोन फायदे खरे आहेत: खडीच्या टोकाचा मार ते पसरवते, आणि डांबरावर अडकण्याऐवजी घसरते. पण कवचाच्या आत फोम पातळ असेल, तर ठोका जसाच्या तसा आत जातो. रोज ऑफिसला किंवा कॉलेजला जाणाऱ्यांना मोज्यासारखी ओढून घालायची स्लीव्ह जास्त सोयीची. ती सैल सलवारीखाली किंवा फॉर्मल पँटखाली बसते. स्कूटरवाल्यांनीही ती घालावी. स्कूटरवर गुडघ्यांसमोर टाकी नसते, असतो तो पुढचा पत्रा किंवा प्लास्टिक, आणि समोरून धडक झाली की गुडघे सरळ त्यावर जातात. रेसिंग सूटवर दिसणारे गोल स्लायडर मात्र संरक्षणासाठी नसतात. ते वळणावर गुडघा टेकवून अंदाज घेण्यासाठी असतात.

आता बसवण्याची बाब. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या आरशासमोर उभे राहून पॅड बसवल्यामुळे होतात. आपण पडतो ते गुडघा वाकलेला असताना. बसल्यावर पँट मांडीकडे ओढली जाते आणि पॅडही तिच्याबरोबर दोन-तीन सेंटिमीटर वर जाते. म्हणून उभे असताना पॅडचा मध्य वाटीच्या किंचित खाली दिसला पाहिजे. घरातच गाडी मुख्य स्टँडवर घ्या, बूट घालून बसा, पाय फूटपेगवर ठेवा आणि अंगठ्याने वाटीच्या कडा चाचपा. चारही बाजूंनी पॅड वाटीच्या पलीकडे गेलेले हवे. वाटीच्या खाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा लागतो, तोही झाकला गेला पाहिजे. मग उतरून वीसेक पावले चाला, पुन्हा बसा, पुन्हा चाचपा. शेवटी तळहाताने पॅड आतल्या आणि बाहेरच्या बाजूला जोरात ढकला. ते दोन बोटांपेक्षा जास्त सरकत असेल, तर रस्त्यावर पहिल्याच घासण्यात ते वाटी सोडून बाजूला जाईल. पँटमध्ये पॅडसाठी उंची बदलता येणारा खिसा असेल तर तो खाली-वर करा. पँट गुडघ्याला सैलच असेल तर खिसा काही करू शकत नाही, आतून वेगळी स्लीव्ह घाला. कंबर आणि लांबी पाहून पँट घेणाऱ्यांकडून गुडघ्याचा घेर हमखास राहून जातो.

पट्ट्यांचे गार्ड बांधताना गुडघा थोडा वाकवून ठेवा. आधी पोटरीच्या फुगवट्याच्या वरचा पट्टा लावा, कारण गार्ड खाली घसरू न देण्याचे काम पोटरी करते. मग मांडीचा. लवणीतून, म्हणजे गुडघ्याच्या मागच्या खळीतून, पट्टा जाता कामा नये. तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात आणि तासाभरात पाय जड होतो. आणखी एक जागा सांभाळायची. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला थोडे खाली हाडाचा गोल उंचवटा लागतो. त्याच्या लगत कातडीखालूनच एक मज्जातंतू जातो, आणि पाऊल वर उचलण्याची सूचना तोच पोचवतो. बक्कल त्यावर दाबले गेले तर पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात. तशा आल्या की थांबून पट्टा सैल करा किंवा जागा बदला. अंगठा वर उचलता येईनासा होईपर्यंत रेटत राहणे महागात पडते. पट्टा आणि पाय यांच्यात एक बोट जावे, दोन जाऊ नयेत. उरलेली टोके आत खोचा, लोंबता पट्टा साखळीत किंवा फूटपेगमध्ये अडकतो.

पॅडला एक गोष्ट जमत नाही: पीळ रोखणे. पाऊल जमिनीत रुतते, गाडी पुढे जाते आणि गुडघा आडवा वाकतो, तेव्हा आतले अस्थिबंध (लिगामेंट, म्हणजे हाडे एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्या) फाटतात. वाटीवरच्या गादीचा इथे उपयोग शून्य. मोटोक्रॉसवाले, म्हणजे कच्च्या मातीच्या ट्रॅकवर शर्यती करणारे, बिजागरीचे ब्रेस (गुडघ्याला बाजूंनी आधार देणारे ताठ सांगाडे) वापरतात, ते हा पीळ काही प्रमाणात अडवतात. त्यांची बिजागरी गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेत हवी. खाली घसरलेला ब्रेस पायाच्या नैसर्गिक हालचालीविरुद्ध काम करतो. मापासाठी वाटीच्या मध्यापासून वर आणि खाली साधारण 15 सेंटिमीटरवरचा घेर घेतात, पण कंपनीचा तक्ताच अंतिम. शहरात आणि हायवेवर चालवणाऱ्याला याची गरज सहसा पडत नाही.

पँट धुताना पॅड बाहेर काढा. ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने पुसून सावलीत वाळवा. परत घालताना उलटे जाऊ देऊ नका. डावे-उजवे आणि वरची बाजू पॅडवर कोरलेली असते, आणि बाक वाटीवर बसला पाहिजे. कपाटात वर्षानुवर्षे ठेवलेल्या बुटांचे तळवे एके दिवशी भुगा होऊन गळतात तसे काही पॉलियुरेथेन पॅडही ओलसर, उष्ण हवेत आतून कुजते. कोकणातल्या दोन पावसाळ्यांनंतर ते वाकवून पाहावे. चिरा दिसल्या, कडा भुरभुरल्या किंवा अंगठ्याचा खड्डा भरून आला नाही, तर बदलावे. वेल्क्रोत अडकलेला कचरा जुन्या टूथब्रशने काढला, की सैल झालेला पट्टा पुन्हा धरतो.