डिस्टिल्ड वॉटर यंत्राचा हीटर वारंवार का जळतो, आणि प्रयोगशाळेची वीज व पाणी कोठे जाते
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या भागांतील महाविद्यालये, पॅथॉलॉजी लॅब, साखर कारखाने व दूध डेअऱ्या यांच्या प्रयोगशाळांत आम्ही बसवलेली किंवा दुरुस्त केलेली डिस्टिल्ड वॉटरची यंत्रे चालू आहेत. हे पत्रक त्या सर्वांसाठी आहे. यंत्र कसे चालते (बॉयलरमध्ये हीटरने पाण्याची वाफ करायची आणि कंडेन्सरमध्ये ती नळाच्या वाहत्या पाण्याने गार करून शुद्ध पाणी मिळवायचे) हे आपणांस ठाऊक आहे, म्हणून ते पुन्हा सविस्तर सांगत नाही. प्रत्येक फेरीत जो प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो, त्याचेच उत्तर येथे सविस्तर देत आहोत: वर्षातून दोन-दोनदा हीटर का जळतो?

आमच्याकडे बदलून ठेवलेले जुने हीटर पाहिले तर त्यांतील बहुतेक पाण्याविना तापून गेलेले आहेत. आपल्याकडे नळाचे पाणी ठरावीक वेळी येते आणि बाकीचा दिवस गच्चीवरील टाकीवर भागवावा लागतो. सकाळी दहा वाजता अटेंडर यंत्र सुरू करतात आणि इतर कामाला जातात. दुपारी केव्हातरी टाकी रिकामी होते. वीज मात्र चालू असते. बॉयलरमधील पाणी वाफ होऊन उतरत जाते, हीटर उघडा पडतो आणि काही मिनिटांत त्याची नळी काळीनिळी पडून फुगते किंवा चिरते. त्यातच कोणी घाईने नळ सोडला आणि बॉयलर काचेचा असला, तर तापलेल्या काचेवर गार पाणी पडून तीही तडकते. मग ऐन प्रॅक्टिकल परीक्षेच्या आठवड्यात आम्हांला फोन येतो. हीटर बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, परंतु त्या वॉटचा व त्या मापाचा हीटर मिळवणे आणि अथणीपर्यंत येणे-जाणे यांत आपले तीन-चार दिवस जातात. तोपर्यंत बाजारातून कॅन आणावे लागतात.

म्हणून क्रम एवढाच ध्यानात ठेवावा. सुरू करताना आधी पाणी सोडावे, हीटर पूर्ण बुडाल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि मगच बटण दाबावे. बंद करताना आधी वीज बंद करावी, दहा-पंधरा मिनिटे पाणी वाहू द्यावे आणि नंतर नळ बंद करावा. हा क्रम यंत्राशेजारी मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत लिहून चिकटवावा, कारण यंत्र चालवणारी व्यक्ती बदलत असते. असा छापील कागद आम्ही प्रत्येक यंत्रासोबत विनामूल्य देतो.

पाणी थांबताच वीज तोडणारा स्विच नव्या यंत्रांत बहुधा असतो आणि जुन्या यंत्रांना तो आम्ही बसवून देतो. मात्र त्याच्या फ्लोटवर (पाण्यावर तरंगणाऱ्या भागावर) क्षार साचला की तोच अडकून बसतो, म्हणून महिन्यातून एकदा मुद्दाम नळ बंद करून तो वीज तोडतो का, हे पाहावे. कोरड्या तापलेल्या हीटरला आम्ही हमी देत नाही, यावरून काही ग्राहक नाराज होतात. आमची बाजू अशी की, दोषामुळे गेलेला हीटर आणि कोरडा जळलेला हीटर नुसत्या नजरेने वेगळे ओळखता येतात. म्हणूनच काढलेला हीटर आम्ही नेहमी ग्राहकाच्या हाती देतो आणि खूण दाखवून मगच बिल करतो.

दुसरे कारण क्षारांचे आहे. खानापूरकडील पाणी तुलनेने मऊ आहे. अथणी, रायबाग भागातील बोअरचे पाणी जड आहे, आणि तेथे काही आठवड्यांतच हीटरवर पांढरा थर चढतो. या थरातून उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, त्यामुळे हीटर आतून अधिक तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. थर पातळ असतानाच सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणात हीटर काही तास बुडवून ठेवावा आणि स्वच्छ धुवावा. रसायनशास्त्र विभागाच्या कपाटातील हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीलच्या यंत्रात कृपया ओतू नये. थर लगेच निघतो हे खरे, पण त्यातील क्लोराइडमुळे पत्र्याला बारीक छिद्रे पडतात, आणि असा बॉयलर दुरुस्त करण्यासारखा राहत नाही.

आता विजेचे पाहू, कारण हीटर जळणे आणि हेस्कॉमचे (वीज कंपनीचे) बिल वाढणे या दोहोंचे मूळ बऱ्याच ठिकाणी एकच आहे. यंत्र गरजेहून कितीतरी अधिक वेळ, कोणी जवळ नसताना, चालू राहते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून तापवून त्याची पूर्ण वाफ करण्यास सुमारे ०.७१ युनिट वीज लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे, कोणत्याही कंपनीच्या यंत्राला तो चुकत नाही. म्हणूनच ताशी ४ लिटर पाणी देणाऱ्या यंत्राला ३ किलोवॉटचा हीटर असतो. समजा, एखाद्या विभागाला रोज ६ लिटर पाणी लागते. त्याला दीड तास, म्हणजे साडेचार युनिटे पुरतात. तेच यंत्र दहा ते पाच चालू ठेवले तर २१ युनिटे जातात, कॅन भरून वाहतो आणि उरलेले शुद्ध पाणी सिंकमध्ये जाते. वर्षाचे २२० कामाचे दिवस धरले तर ३,६०० हून अधिक युनिटे नुसती वाया गेली. नॅक या संस्थेकडून होणाऱ्या मूल्यांकनापूर्वी अनेक महाविद्यालये ऊर्जा-लेखापरीक्षण करून घेतात आणि वर्गांतील दिवे बदलतात, तेही योग्यच आहे. पण ३ किलोवॉट म्हणजे ९ वॉटचे ३३३ एलईडी दिवे, हे परीक्षण करणाऱ्यांच्या निदर्शनास आम्ही आवर्जून आणून देतो.

पाण्याचा हिशेब याहून बोलका आहे. एक लिटर पाण्याची वाफ गार करताना कंडेन्सरमधून जाणारे पाणी ४० अंशांनी तापू दिले, तर ते सुमारे साडेतेरा लिटर लागते. नळ पूर्ण सोडून ते २० अंशांनीच तापले, तर २७ लिटर लागते, आणि मिळणारे डिस्टिल्ड वॉटर एका थेंबानेही वाढत नाही. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागेल, पण कंडेन्सरमधून वाफ निसटणार नाही, इतपतच नळ सोडावा. ते पाणी गटारात न सोडता बादलीत धरले, तर काचसामान धुण्याच्या पहिल्या फेऱ्या त्यावर होतात. डिस्टिल्ड वॉटर शेवटच्या दोन-तीन खळबळण्यांपुरतेच वापरावे, आणि तेही थोडेथोडे.

दोन शंका वारंवार येतात, त्यांचे उत्तर थोडक्यात देतो. बॉयलरमध्ये थर्मामीटर १०० दाखवत नाही म्हणून हीटर कमी पडतो, असे समजू नये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि येथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. तसेच, डिस्टिल्ड वॉटरचा पीएच ५.६ च्या जवळ आला तर यंत्रात दोष आहे, असेही नाही. असे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्यामुळे किंचित आम्लधर्मी होते. पाण्याची शुद्धता वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता) मोजून ठरवावी. आयएस १०७० व आयएसओ ३६९६ या मानकांप्रमाणे तिसऱ्या श्रेणीच्या पाण्याची वाहकता २५ अंशांना सेंटीमीटरमागे ५ मायक्रोसीमेन्सपर्यंत चालते आणि नेहमीच्या अनुमापनांना (टायट्रेशनना) तेवढे पुरते.

तेवढ्याच कामासाठी पाणी उकळावे का, हा प्रश्न आम्ही स्वतःच ग्राहकांपुढे ठेवतो, जरी हीटर विकणे हा आमचा व्यवसाय असला तरी. रेझिनच्या डीआय यंत्रात (यात रेझिनचे मणी पाण्यातील क्षार काढून घेतात) उष्णता लागत नाही आणि गार करण्यासाठी पाणी वाहावे लागत नाही. पाणी जड असेल तेथे आधी छोटा आरओ लावावा, नाहीतर रेझिन लवकर संपते. आरओच्या पंपाला लिटरमागे एका युनिटच्या शंभराव्या भागाहूनही कमी वीज लागते. त्यातून टाकाऊ पाणी निघते, परंतु ते फरशी पुसण्यास व शौचालयात चालते. कुंडीतील झाडांना मात्र खारट पाणी घालू नये. रेझिनमुळे पाण्यातील जंतू किंवा सेंद्रिय द्रव्ये दूर होत नाहीत, त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्रासारख्या ज्या विभागांना तशी गरज आहे, त्यांनी काचेचे डिस्टिलेशन यंत्र ठेवावे आणि त्याला डीआयचे पाणी द्यावे. असे केल्यास क्षार जवळजवळ चढत नाही आणि हीटर अनेक पटींनी अधिक टिकतो. बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या कार्यशाळेत दोन्ही यंत्रे शेजारी-शेजारी चालू ठेवलेली आहेत, ती येऊन पाहावीत. जुने यंत्र परत घेऊन त्याची किंमत बिलातून वजा करण्याची सोयही आहे.

फोन करताना यंत्राच्या पट्टीवरील वॉट व ताशी लिटर, बॉयलर काचेचा की स्टीलचा, आणि हीटर नेमका केव्हा बंद पडला, एवढे सांगितले तर योग्य हीटर घेऊनच आमचा माणूस निघतो आणि दुसरी फेरी वाचते. नवे यंत्र घेण्याचा विचार असेल, तर आपल्या नळाचे किंवा बोअरचे अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणावे. त्याची तपासणी आम्ही आपल्यासमोर, विनामूल्य करून देतो आणि त्यानंतरच कोणते यंत्र घ्यावे, हे सांगतो.