मे महिन्यात उघडणारी भेग

दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात नागपूरच्या बेसा भागातल्या एका घरी गेलो होतो. हॉलच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग थेट स्लॅबला भिडलेली. खालच्या टोकाला जेमतेम नख शिरेल एवढी, वर रुपयाचं नाणं उभं जाईल एवढी. घरच्या काकू म्हणाल्या, "साहेब, दर दिवाळीला मिस्त्री येतो, बुजवतो, रंग मारून जातो. मे आला की परत तीच भेग. आणि पोळ्याच्या सुमाराला बघाल तर जवळजवळ मिटलेली असते."

निदानातलं अर्धं काम काकूंनीच करून टाकलं होतं. भिंत कच्ची असती तर भेग फक्त वाढत गेली असती. ही उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते, म्हणजे हलतेय ती खालची जमीन.

नागपुरातले बरेच लेआउट काल-परवापर्यंत कापूस-तुरीची शेतं होती. इथले जुने शेतकरी जमिनीची प्रतवारी काळी, मोरंड, खरडी, बरड अशी करतात. पिकाला जी सगळ्यात चांगली, तीच काळी घराला सगळ्यात अवघड. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. पत्त्यांच्या कॅटासारखे त्याचे थर, एकेक थर मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा जाड. पाणी या थरांच्या मधे शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं. शुद्ध स्वरूपात या खनिजाच्या एका ग्रॅममधले सगळे पृष्ठभाग पसरले तर सुमारे ८०० चौरस मीटर भरतात, म्हणजे दीड हजार चौरस फुटांचे पाच प्लॉट झाकूनही वर उरतील. पाण्याला चिकटायला एवढी जागा मिळाल्यावर माती फुगणारच. वाळली की तितकीच आक्रसते.

फुगताना तिचा जोर एका चौरस मीटरला २०-३० टनांपर्यंत जाऊ शकतो. एकमजली घराचा पायाखाली पडणारा भार बहुधा याहून कमी असतो. म्हणून उंच इमारतीपेक्षा छोटं, हलकं घर ही माती सहज उचलते.

सगळी जमीन सारखी वर-खाली झाली असती तर कुणाला कळलंही नसतं. काकूंच्या घराच्या पूर्वेला खिडकीबाहेर कूलर होता. त्याचं पाणी चार महिने रात्रंदिवस जोत्यालगत ठिबकत होतं. पश्चिमेच्या कोपऱ्याला पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि कुंपणालगतचा मोठा कडुनिंब, त्याची मुळं जमिनीतली उरलीसुरली ओल ओढणारी. एकाच पायाच्या एका टोकाला चिखल आणि दुसऱ्या टोकाला भेगाळलेली जमीन. पश्चिमेचं टोक खचलं, भिंत वरून फाटली. भेग वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर बहुधा भिंतीचं टोक खाली गेलेलं असतं. खाली रुंद असेल तर मधला भाग बसला असण्याची शक्यता जास्त.

लोक विचारतात, आमचं घर तर फ्रेम स्ट्रक्चर आहे, म्हणजे कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभं, मग तडे का? कॉलमचे फुटिंग, म्हणजे त्यांच्या तळाचे पाये, खोल मुरमावर असतील तर कॉलम हलत नाहीत, हे खरं. पण खोलीची फरशी जोत्यात टाकलेल्या भरावावर असते. तो भराव खोदकामातल्याच काळ्या मातीचा असेल, तर फरशी मधोमध फुगते, टाइल्स उचलल्या जातात, दार घासायला लागतं. मुरमाच्या दोन-चार ट्रकचे पैसे वाचवायला ठेकेदार हे करतो आणि घरमालक वर्षानुवर्षं भोगतो. याचा मला मनापासून राग येतो.

प्रत्येक भेग पायाची नसते, हेही सांगायला हवं. बीम आणि विटांच्या जोडावरची आडवी बारीक रेघ घाबरण्यासारखी नाही. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली जाणारी आडवी भेग बऱ्याचदा उन्हाची असते: १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर सुमारे ३ मिलिमीटर लांबतो, विटांची भिंत तेवढी लांबत नाही.

प्लॉट घेतला असेल तर बांधायच्या आधी एक साधी चाचणी करून घ्या. १०-१० ग्रॅम वाळलेली, बारीक चाळलेली माती काचेच्या दोन नळ्यांत टाकतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेल थरांमधे शिरत नाही, म्हणून त्यातली माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींची उंची बघतात. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा ५० टक्क्यांहून जास्त फुगली, तर साधा उथळ पाया घालू नका. काळ्या मातीचा थर पातळ असेल तर तो काढून मुरमापर्यंत जा. खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, आहेत: साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी कांद्यासारखा फुगवटा, तो खांबाच्या व्यासाच्या अडीचपट. ऋतूप्रमाणे हलणाऱ्या थराखाली हा फुगवटा रुतून बसतो. वरच्या बीमखाली मात्र मोकळी जागा सोडावीच लागते, नाहीतर फुगणारी माती बीमलाच उचलते.

उभ्या घराचं काय? पाया खोल नेण्याचं काम, ज्याला अंडरपिनिंग म्हणतात, ते शेवटचं. तेही मीटर-मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक. अख्ख्या भिंतीखाली एकदम चर खणणं जिवावर बेतू शकतं. आधी पाण्याचा बंदोबस्त. काकूंच्या घरी कूलरचं पाणी पाइपने लांब नेलं, छताच्या पन्हाळीचं पाणी नालीत सोडलं, घराभोवती दीड मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी केली. कडुनिंब तोडू दिला नाही. मोठं झाड एकदम तोडलं तर त्याने कोरडी ठेवलेली माती पुन्हा ओल धरते आणि कोपरा उलटा उचलला जातो. फांद्या तेवढ्या छाटल्या.

भेगेवर वर आणि खाली काचेच्या दोन पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते. यंदा मेच्या शेवटी काकूंनी फोनवर फोटो पाठवला: खालची काच अखंड, वरची तडकलेली, पण फट केसाएवढी. भेग अजून बुजवलेली नाही. आणखी एक उन्हाळा बघायचं ठरलंय.