शंभर वर्षांपूर्वीचा नगरपालिकेचा ठराव हवा आहे? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

वाड्यामागची बोळ सार्वजनिक की खासगी, चौकातला हौद कोणी बांधला, मंडईतला गाळा पणजोबांना कोणत्या अटीवर मिळाला, तालमीची जागा नगरपालिकेने दिली की भाड्याने होती, असे वाद आजही गावोगावी चालू असतात. सात-बारा आणि सिटी सर्व्हेचा उतारा काढून झाला तरी उत्तर मिळत नाही, कारण मूळ निर्णय १९०० ते १९३० च्या दरम्यान नगरपालिकेच्या एखाद्या सभेत झालेला असतो. दिवाबत्ती, पाणपट्टी, टांग्यांचे परवाने, गटारे, खाटीकखाना, शाळेची इमारत हे तेव्हाच्या सभांचे रोजचे विषय. त्या ठरावाची प्रत मिळवणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि त्याची पद्धतही ठरलेली आहे. अडचण एवढीच की अर्ज कुठे आणि कसा करायचा हे नीट कोणी सांगत नाही.

असल्या रोजच्या विषयांवरच्या ठरावाचे वजन किती असू शकते, हे महाडने दाखवले आहे. मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये आपले एक सदस्य सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर केला. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे त्यांना खुले असल्याचा ठराव केला. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले. तळे कोणाचे आणि तिथली वहिवाट खरोखर किती जुनी, यावर दहा वर्षे खल झाला. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागला. पाण्याच्या तळ्यावरचा एका लहान गावचा ठराव, पण देशाच्या इतिहासात त्याची नोंद झाली. म्हणून जुन्या इतिवृत्ताच्या वह्यांना कोणी रद्दी म्हटले की माझा जीव तुटतो.

आधी पाहा: गाव तेव्हा कोणाच्या अमलाखाली होते?

अर्ज लिहायला घेण्याआधी हा प्रश्न सोडवा. निम्मे अर्ज चुकीच्या दारात जातात ते याच्यामुळे.

मुंबई शहराचा कारभार १८८८ च्या कायद्याने चाले, आणि तोच कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. पुणे, सातारा, नाशिक, नगर, सोलापूर, खानदेश आणि कोकणातल्या ब्रिटिश मुलखातल्या नगरपालिका १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याखाली होत्या. मोठ्या शहरांसाठी पुढे १९२५ चा बरो नगरपालिका कायदा आला. नागपूर आणि वऱ्हाड मध्य प्रांताच्या अखत्यारीत होते. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथले जुने दप्तर बहुतांशी उर्दूत सापडेल आणि वरच्या कचेरीचा पत्रव्यवहार हैदराबादला असण्याची शक्यता धरावी लागेल. कोल्हापूर संस्थान होते, तिथे दरबारचे हुकूम पाहावे लागतात. गोव्यातल्या नगरपालिकांचे त्या काळचे कामकाज पोर्तुगीजमध्ये आहे आणि त्यासाठी पणजीच्या पुराभिलेख (जुनी सरकारी कागदपत्रे जपणाऱ्या) खात्याचे दार ठोठवावे लागते. खालची पद्धत मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातल्या गावांसाठी आहे.

एकच निर्णय, तीन ठिकाणी

पहिले ठिकाण म्हणजे खुद्द नगरपालिका किंवा महापालिका. सभेचे इतिवृत्त वहीत लिहून त्यावर अध्यक्षाची सही होत असे. एक गोष्ट ध्यानात ठेवा: १९०१ च्या कायद्याखाली सर्वसाधारण सभेबरोबर मॅनेजिंग कमिटीही असे. दुरुस्त्या, परवाने, भाडेपट्टे, नोकरांच्या नेमणुका यांसारखी बारीक कामे बरेचदा त्या कमिटीत उरकली जात. लोक फक्त सर्वसाधारण सभेची वही मागतात आणि ‘असा ठराव आढळत नाही’ असे उत्तर घेऊन परततात. दोन्ही वह्या मागा. आज हे दप्तर मुंबईत महापालिका चिटणीस खात्याकडे, इतर महापालिकांत नगरसचिव कार्यालयाकडे आणि नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखालच्या अभिलेख कक्षात असते. पुणे नगरपालिकेची महापालिका १९५० मध्ये झाली. अशा ठिकाणी आधीचे दप्तर नव्या संस्थेकडे आले, पण इमारती बदलताना काही बस्ते वेगळ्या गोदामात गेले असू शकतात. अर्जात ‘आपल्या ताब्यातील कोणत्याही अभिलेख कक्षातील’ हे शब्द टाकायचे ते यासाठी.

दुसरे ठिकाण जिल्हाधिकारी कचेरी. नगरपालिकेवर कलेक्टर आणि विभागीय कमिशनर यांची देखरेख असे. त्यामुळे वादाचे विषय, तक्रारी आणि जमिनीची प्रकरणे तिकडे जात.

तिसरे ठिकाण मुंबई सरकारचे दप्तर. उपविधी (नगरपालिकेने स्वतः केलेले नियम), कर्ज, नवा कर यांना वरची मंजुरी लागे. हा पत्रव्यवहार जनरल डिपार्टमेंटच्या खंडांत बांधलेला आहे आणि तो मुंबईत फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालयाकडे जपलेला आहे. गावची वही वाळवीने खाल्ली असेल तरी ठरावाची नक्कल इथे निघू शकते. बहुतेक अर्जदार इथवर पोचतच नाहीत, आणि मला वाटते सगळ्यात जास्त नुकसान त्यामुळेच होते.

तारीख आधी, अर्ज नंतर

‘१९०० ते १९३० मधील सर्व ठराव द्यावेत’ असा अर्ज केला की तो फेटाळायला कारण मिळते. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांना त्या काळी सूची नसे, असलीच तर वहीच्या शेवटी हाताने लिहिलेली. म्हणून आधी तारखेच्या जवळ जा. इमारतीवरची कोनशिला पाहा, हौदावरचा शिलालेख पाहा. नगरपालिकेचे वार्षिक अहवाल छापले जात, ते जुन्या ग्रंथालयांत सापडतात. मंजूर झालेले उपविधी सरकारी गॅझेटमध्ये येत. स्थानिक वृत्तपत्रे सभांच्या हकिकती सविस्तर देत. वाद गाजलेला असेल तर तारीख तिथेच हाती लागते. १९२० साली पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण फक्त मुलांना की मुलींनाही, यावरून केवढे रण पेटले होते! असा विषय धरला तर वर्तमानपत्राच्या फायलींतून सभेच्या दिवसापर्यंत जाता येते. त्यामागचा कायदा १९१८ चा आहे, म्हणजे त्याआधीच्या वह्या चाळण्यात अर्थ नाही. कायद्याचे साल माहीत असले की शोध असा निम्म्यावर येतो.

जुन्या दस्तांत शके किंवा फसली साल दिसले तर शकात ७८ आणि फसलीत ५९० मिळवून इसवी सन काढा. वर्षाच्या सुरुवातीच्या फरकामुळे एक वर्ष पुढेमागे धरा.

कोण अर्ज करू शकतो

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली कोणताही भारतीय नागरिक. त्याच गावचा रहिवासी, मालमत्ताधारक किंवा वारस असण्याची अट नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही आणि विचारले तरी उत्तर देणे बंधनकारक नाही. मंडळ, ट्रस्ट किंवा सोसायटीला हवे असेल तर एखाद्या सदस्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला हा मार्ग नाही. त्याने इथल्या नातेवाइकाकरवी अर्ज करावा किंवा अभ्यासक म्हणून पुराभिलेखागारात जावे.

जुन्या कागदांसाठी कायद्यातले एक कलम तुमच्या बाजूने आहे. कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, देशाची सुरक्षितता किंवा विधिमंडळाचे विशेषाधिकार असे मोजके अपवाद सोडले, तर द्यावीच लागते. १९१० सालच्या गटाराच्या ठरावाला ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून नकार आला, तर हे कलम दाखवा.

अर्ज कसा भरावा

महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’ चा नमुना आहे. साध्या कागदावर लिहिला तरी चालतो. एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, असा राज्याचा नियम आहे, म्हणून मजकूर आखूड ठेवा. माहितीचा विषय, कालावधी, वर्णन, आणि माहिती टपालाने हवी की समक्ष, असे रकाने असतात. वर्णनाच्या रकान्यात असे लिहा:

‘… पेठेतील सार्वजनिक हौदाच्या बांधकामाबाबत व देखभालीबाबत एप्रिल १९११ ते मार्च १९१३ या काळातील सर्वसाधारण सभा व मॅनेजिंग कमिटी यांच्या इतिवृत्त वह्यांची पाहणी करू द्यावी. पाहणीनंतर मी निवडलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात. सदर वह्या आपल्याकडे नसल्यास त्या कोणाकडे हस्तांतरित केल्या याची नोंद द्यावी.’

या तीन वाक्यांत सगळे आले. आधी पाहणी मागितली की ‘माहिती विस्तृत आहे’ ही सबब उरत नाही आणि शोधाचे काम तुमच्या हाती येते. तिसरे वाक्य विसरू नका, पुढच्या अपिलाचा पाया तोच आहे.

सोबत लागते ते फार नाही:

- १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प (किंवा रोख भरल्याची पावती)
- दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडावी, त्याला शुल्क माफ आहे
- जागेचा वाद असेल तर सिटी सर्व्हे नंबर आणि जुना घर नंबर. सक्ती नाही, पण शोधणाऱ्याला मदत होते
- अर्जाची दुसरी प्रत, पोच घेण्यासाठी

कायद्यात ओळखपत्राची अट नाही, तरी पाहणीला जाताना जवळ ठेवा. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याकडे आवक विभागात द्या आणि शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरही अर्ज करता येतो, मात्र तुमची नगरपरिषद त्या यादीत आहे का हे आधी पाहा.

उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. प्रतींना साधारणपणे पानाला २ रुपये पडतात. मुदत उलटली तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते.

‘दप्तर आढळून येत नाही’

हे उत्तर येण्याची तयारी ठेवा. फाईल सापडत नाही, हे माहिती नाकारण्याचे कारण म्हणून कायद्यात कुठेही नाही. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करा, त्याला २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अपिलात दोन गोष्टी मागा: शोध घेतल्याचा लेखी अहवाल, आणि दप्तर नष्ट केले असेल तर नष्ट केल्याच्या यादीची प्रत. जुने अभिलेख कोणालाही मनाला येईल तसे नष्ट करता येत नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे आणि त्यात शिक्षेची तरतूदही आहे. या कायद्याचे नाव अपिलात लिहिले की शोध जरा मनावर घेतला जातो. तरीही काम झाले नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. मात्र आयोगात तारीख लागायला बराच काळ जातो, तोवर हात बांधून बसू नका, पुराभिलेखागारात शोध सुरू करा.

पुराभिलेखागारात

इथे माहिती अधिकाराची गरज सहसा पडत नाही. संचालकांच्या नावे अर्ज करायचा, त्यात विषय आणि कालखंड लिहायचा, ओळखपत्राची प्रत जोडायची. विद्यार्थी आणि संशोधकांनी विद्यापीठाचे किंवा मार्गदर्शकाचे पत्र न्यावे. मुंबईखेरीज पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही पुराभिलेखागारे आहेत. आत गेल्यावर आधी सूची, मग मागणी चिठ्ठी, मग खंड. चिठ्ठीवर विभाग, साल, खंड क्रमांक आणि कंपायलेशन (खंडात बांधलेल्या प्रकरणाचा) क्रमांक अचूक लिहा. त्याच चार गोष्टी स्वतःच्या वहीतही उतरवा, कारण पुढे प्रमाणित प्रत मागताना त्याच लागतात. पाने जीर्ण असतील तर झेरॉक्स मिळणार नाही आणि ते बरोबरच आहे. फोटोची परवानगी आणि शुल्क तिथेच विचारा.

मोडीचा अडसर

वही मिळाली, पण वाचता येत नाही, हा अनुभव सर्रास येतो. त्या काळचा मराठी कारभार बराचसा मोडी लिपीत लिहिला जाई. कुणबी नोंदींच्या शोधामुळे अलीकडे गावोगावी मोडी वाचकांना मागणी आली आहे. लिप्यंतर कोणाकडूनही करून घेऊ नका, विशेषतः कोर्टात दाखल करायचे असेल तर. पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण आणि परीक्षा होतात, तिथे उत्तीर्ण झालेल्या जाणकारांची चौकशी करा. लिप्यंतरावर त्यांची सही, नाव आणि मूळ पानाचा क्रमांक घ्या. वाचताना नुसता ठराव पाहू नका. सूचना कोणी मांडली, अनुमोदन कोणी दिले, उपसूचना आली का, मते किती पडली आणि विषय तहकूब झाला का, हे सगळे पाहा. पुढच्या सभेत आधीचा ठराव फिरवलेला असू शकतो, महाडला झाले तसेच. म्हणून हव्या असलेल्या तारखेनंतरच्या निदान काही सभांची पानेही काढा.

प्रत हातात पडली की खिडकीपाशीच तपासा: ‘प्रमाणित प्रत’ असा शिक्का, अधिकाऱ्याची सही, नाव व पदनाम, तारीख, आणि मूळ वहीचे नाव व पान क्रमांक. यातले काही राहिले असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. वारसा किंवा वहिवाटीच्या दाव्यात वकील आधी हेच विचारतात.