परिस्थितीजन्य म्हणजे ‘कच्चा’ नव्हे

ठाण्यात कोर्ट नाक्यावर चहा घेताना हमखास कानावर पडतं, “अहो, नुसता परिस्थितीजन्य पुरावा आहे, सुटणार तो!” वर्षानुवर्षं चालत आलेला गैरसमज. परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे घटना कोणी डोळ्यांनी पाहिलेली नसताना आजूबाजूच्या खुणांवरून ती घडल्याचा निष्कर्ष काढणं. हा पुराव्याचा प्रकार आहे, दर्जा नव्हे.

सकाळी गॅलरीतून पाहिलं तर रस्ता ओला, रिक्षांच्या टपांवरून पाणी निथळतंय, दूधवाल्याच्या हातात ओली छत्री. पाऊस पडताना कोणी पाहिला नाही. पण पडला, यात शंका उरते का? मात्र नुसता रस्ताच ओला असेल, तर टँकरही गळका असू शकतो. (घोडबंदर रोडवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

न्यायालय नेमकं हेच तपासतं. १९८४ च्या सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच कसोट्या सांगितल्या. त्यांचं सार असं: दुव्यांची साखळी अखंड हवी आणि आरोपी निर्दोष असण्याला वाजवी जागा उरता कामा नये. तेवढं सिद्ध झालं, तर प्रत्यक्षदर्शी नसतानाही खुनाच्या खटल्यात जन्मठेप होते. उलट, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार अंधारात माणूस ओळखायला चुकू शकतो. आणि बोटांचा ठसा, ज्याला सगळे ‘पक्का पुरावा’ म्हणतात, तोही परिस्थितीजन्यच.