जमिनीचे दोन नकाशे: मातीचा आणि मंजुरीचा

नागपुरात ‘भूमी उपयोग नियोजन’ दोन ठिकाणी चालतं. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे, १९७६ पासूनचा. दुसरीकडे सदर भागातलं नागपूर सुधार प्रन्यास आणि शहराभोवतीच्या शेकडो गावांसाठी एनएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. दोन्हीकडे रंगीत नकाशे, आणि एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटवणारे लोकही भरपूर.

ब्युरोचा नकाशा जमिनीला काय पेलवेल ते सांगतो. शेतात खड्डा खणायचा आणि थर बघायचे: खोली किती, चिकणमाती किती, चुनखडी आहे का, निचरा कसा. संत्र्याचंच घ्या. भारी काळ्या मातीत पाणी मुळाशी साचलं की झाडाला डिंक्या रोग धरतो, आणि चुनखडी फार असली तर पानं पिवळी पडतात. त्याच मातीत कापूस-तूर झकास येते. पण हा सगळा सल्ला. तो धुडकावला म्हणून कोणी नोटीस पाठवत नाही.

दुसरा नकाशा, म्हणजे विकास आराखडा, मात्र कायदा आहे, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालचा. पिवळा म्हणजे निवासी, हिरवा म्हणजे शेती. शहराच्या कडेला बेसा-हिंगण्याकडे प्लॉट विकणाऱ्यांचे ‘एनए-टीपी, आरएल’ (बिगरशेती व नगररचना मंजुरी, रिलीज लेटर) असे जे फलक दिसतात, त्यांची सगळी मदार याच नकाशावर. आता, हिरवा रंग दिसला की जमीन सुपीक असं धरून चालणारे बरेच आहेत, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. हिरव्यात मुरमाड बरड असू शकतं आणि पिवळ्याखाली खोल काळी कसदार माती. गंमत अशी की ही काळी माती घरालाही सोसत नाही: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो.

संयुक्त राष्ट्रांची २०३० ची शाश्वत विकास उद्दिष्टं अडतात ती इथेच. त्यांतल्या २.४ क्रमांकाच्या लक्ष्यामध्ये शाश्वत शेतीखालचं क्षेत्र मोजतात आणि १५.३ मध्ये जमिनीचा ऱ्हास. दोन्ही मातीशी बांधलेली. ११.३ मध्ये शहर लोकसंख्येच्या मानाने किती जमीन गिळतं ते बघतात, म्हणजे आराखड्याचा प्रांत. २०१९ मध्ये भारताने २.६ कोटी हेक्टर खराब जमीन २०३० पर्यंत सुधारण्याचा शब्द दिला. शब्द दिल्लीचा, पण जमीन राज्यसूचीतला विषय. चांगल्या शेतावर पिवळा रंग चढतो तो राज्याच्या मंजुरीने, आणि त्या मंजुरीसाठी २.६ कोटींचा हिशेब कोणी मागत नाही.

मोजणीतही फट आहे. ऱ्हास मोजताना जमिनीवरचं आच्छादन, उत्पादकता आणि मातीतला सेंद्रिय कर्ब बघतात. लेआउट पडलं, खांब रोवले, पण घरं नाहीत आणि सगळीकडे गवत माजलंय, तर उपग्रहाला ते बांधकाम दिसतच नाही. पीक मात्र केव्हाच थांबलेलं असतं.

दोन नकाशे एकमेकांवर ठेवून बघायला तांत्रिक अडचण काही नाही, दोन्ही आता संगणकावर करता येतात. प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा मातीचा नकाशा जोडून ‘हा पट्टा शेतीतच ठेवा’ असं कोणालाही म्हणता येतं. कानावर येते ती मागणी बहुधा उलटी असते: आमचा खसरा (सर्व्हे नंबर) पिवळ्यात घ्या.